कातडीपल्याडची वीज

जगातला पहिला पेसमेकर माणसाच्या शरीरात बसला तो 8 ऑक्टोबर 1958 रोजी, स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात. रुग्ण होते 43 वर्षांचे आर्ने लार्सन, शल्यचिकित्सक ऑके सेनिंग आणि यंत्र बनवणारे अभियंता रुने एल्मक्विस्ट. आतली निकेल-कॅडमियमची बॅटरी बाहेरून, तारेशिवाय चार्ज करण्याची सोय त्यात होती. ते यंत्र काही तासांतच बंद पडलं. लार्सन मात्र वीसहून अधिक पेसमेकर वापरत 2001पर्यंत जगले.

पुढे वर्षानुवर्षं टिकणाऱ्या लिथियम बॅटऱ्या आल्या आणि पेसमेकरला बिनतारी विजेची गरज उरली नाही. पण बॅटरी जागा खाते आणि संपली की पुन्हा शस्त्रक्रिया. म्हणूनच ऐकू न येणाऱ्यांना ऐकू आणून देणारं कॉक्लिअर इम्प्लांट मला फार मोलाचं वाटतं. त्याच्या आतल्या भागात बॅटरीच नसते.

हे इम्प्लांट बसवलेल्या मुलाच्या कानामागे, केसांत एक गोल चकती चिकटलेली दिसते. तिच्यात तारेचं वेटोळं असतं आणि लोहचुंबक. तसंच वेटोळं व चुंबक कातडीखाली. बाहेरच्या वेटोळ्यातून वेगाने दिशा बदलणारा प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं आणि आतल्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. त्याच बदलत्या क्षेत्रावरून आवाजाची माहितीही आत जाते. चकती काढली की इम्प्लांट थांबतं. चुंबक निवडणं हेही कौशल्याचं काम. तो जास्त जोराचा असेल तर कातडी लाल होते, दुखते. कमी जोराचा असेल तर मूल धावताना चकती गळून पडते.

कातडीची जाडी जेमतेम काही मिलिमीटर, म्हणून हे जमतं. खोलवर गेलं की चुंबकीय क्षेत्र झपाट्याने क्षीण होतं आणि नुसता जोर वाढवला तर पेशी तापतात. 2014मध्ये स्टॅनफर्डच्या एडा पून यांच्या गटाने विद्युतचुंबकीय लहरी शरीरात खोलवर केंद्रित करण्याची युक्ती शोधली आणि तांदळाच्या दाण्याएवढा पेसमेकर सशावर चालवून दाखवला. बर्कलीच्या संशोधकांनी 2016मध्ये अल्ट्रासाउंडवर चालणाऱ्या यंत्राने उंदराच्या नसेतले संदेश टिपले. कमजोर हृदयाच्या मदतीला लावलेल्या पंपाची विजेची भूक याहून कितीतरी मोठी. त्याची तार आजही पोटातून बाहेर येते आणि तिथे जंतुसंसर्गाची धास्ती कायम असते.

कॉक्लिअर इम्प्लांटची बॅटरी बाहेर गेली, तशी देखभालही बाहेर आली. आपल्याकडे अनेक मुलांना सरकारी योजनांतून कॉक्लिअर इम्प्लांट मिळतं, ही मोठीच गोष्ट. पण चकती, तिची वायर, आवाज टिपणारा बाहेरचा प्रोसेसर हे सगळं झिजतं, तुटतं, घामाने खराब होतं. हमीची मुदत संपली की हा खर्च शेतमजुराच्या घराला झेपणारा नसतो, आणि वायर तुटली की मुलाचं ऐकणं बंद. शस्त्रक्रियेचा खर्च मंजूर करतानाच बाहेरच्या भागांच्या पुढच्या दुरुस्तीचे पैसेही सरकारने बाजूला काढून ठेवावेत.