गणदासाची कसोटी

हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवर वसलेले सिद्धेश्वर मराठवाड्यात मोडत असले, तरी या जिल्ह्याच्या उत्तरेला लागूनच वाशीम, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म, असल्याने विदर्भ येथून दूर नाही. आणि कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ या 5 अंकी नाटकाची नायिका मालविका याच विदर्भाची राजकन्या आहे. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाच्याच शकुंतलेला मराठी घरांत पोहोचवले. तेवढी ओळख मालविकेच्या वाट्याला आली नाही.

कथानक थोडक्यात असे, की परागंदा झालेली मालविका विदिशेच्या अग्निमित्र राजाच्या अंतःपुरात दासी म्हणून राहते आणि तिचे चित्र पाहून राजा तिच्यावर लुब्ध होतो. प्रेमकथा म्हणून यात नवल काही नाही, आणि राजाचे उसासे तर लवकरच कंटाळवाणे होतात. नाटकाचा खरा जीव आहे तो मालविकेला नृत्य शिकवणाऱ्या गणदास या वृद्धत्वाकडे झुकलेल्या नाट्याचार्यात. राजाला मालविका दिसावी एवढ्यासाठी विदूषक गौतम हा गणदास आणि हरदत्त या दोन आचार्यांत भांडण लावून देतो. परंतु गणदास त्या वादात आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावतो, कारण केवळ पोटासाठी विद्या बाळगून वादाला भिणारा माणूस त्याच्या लेखी विद्येचा व्यापारी आहे.

निर्णयाचे काम परिव्राजिकेकडे, म्हणजे संन्यासिनी कौशिकीकडे, येते. स्वतःला उत्तम येणे आणि दुसऱ्याला उत्तम शिकवता येणे हे दोन वेगळे गुण असून दोन्ही ज्याच्यापाशी असतील तोच श्रेष्ठ शिक्षक, असा तिचा निकष आहे. आजच्या कोणत्याही गुरुकुलाने तो जसाच्या तसा उचलावा. प्रयोगासाठी ‘छलित’ हा सादर करण्यास अवघड मानलेला अभिनयप्रकार निवडला जातो आणि अंगांच्या हालचाली स्पष्ट दिसाव्यात म्हणून पात्रांनी अवजड वेशभूषा टाळावी, असे कौशिकी सांगते. मालविका मध्यलयीतील चतुष्पदी, म्हणजे चार पदांचे गीत, अभिनयासह सादर करते. त्यानंतर ती जायला निघते तोच विदूषक तिला थांबवतो, आणि तेव्हा तिचा डावा हात कमरेवर, दुसरा सैल सोडलेला, नजर खाली आणि पायाच्या अंगठ्याने जमिनीवरचे फूल हलवणे चाललेले, ही तिची उभे राहण्याची ढब राजाला नृत्याहूनही अधिक मोहक वाटते. राजाला सौंदर्य दिसले. गणदासाला मात्र आपली शिकवण निर्दोष ठरल्याचे समाधान हवे होते, आणि कौशिकीने ते त्याला दिले.

पुढे राणी धारिणीचा पाय दुखावल्यामुळे अशोकाच्या ‘दोहदा’चे, म्हणजे तरुणीच्या लत्ताप्रहाराने झाड फुलवण्याच्या विधीचे, काम मालविकेकडे येते. सखी बकुलावलिका तिच्या पायावर अळित्याची रेघ काढते. अशोक 5 रात्रींत फुलला तर मालविकेची इच्छा पुरवण्याचे वचन धारिणीने दिलेले असते. त्याच 5 रात्रींच्या आत तो फुलतो आणि राणी वचनात अडकते. शेवटी मालविकेचे कुळ उघड होते आणि विदर्भाचे राज्य वरदेच्या, म्हणजे वर्धा नदीच्या, दोन काठांवर यज्ञसेन व माधवसेन या तिच्याच कुळातील दोघांत वाटले जाते.

हरदत्ताला मात्र न्याय मिळत नाही. मालविकेचा प्रयोग संपताच दुपार झाल्याची घोषणा होते, त्याची पाळी दुसऱ्या दिवसावर ढकलली जाते, आणि त्याने शिकवलेले काय होते ते प्रेक्षकांना शेवटच्या अंकापर्यंत पाहायला मिळत नाही.