जुलैत गारठणारे शहर

सॅन फ्रान्सिस्कोत जुलै महिन्यात दुपारचे सरासरी कमाल तापमान जेमतेम १९ अंश सेल्सिअस असते. तिथून साठ-सत्तर किलोमीटरवरच्या लिव्हरमोरमध्ये त्याच महिन्यात पारा रोज ३२च्या आसपास पोचतो. हा फरक ठाऊक नसल्यामुळे उन्हाळी कपड्यांत गोल्डन गेट पूल बघायला आलेली माणसे कुडकुडत जवळच्या दुकानातून स्वेटर विकत घेतात. बे एरियात मुलांकडे गेलेले पुण्या-मुंबईचे आईवडीलही त्यांत असतात. सॅन होजेत लख्ख ऊन बघून निघायचे आणि तासाभराने पुलावर बोचऱ्या वाऱ्यात उभे राहायचे, हा तिथला नेहमीचा अनुभव.

या शहरातला उन्हाळा म्हणजे आपण पाहिलेला सर्वांत कडक हिवाळा, अशा अर्थाचे वाक्य मार्क ट्वेनच्या नावावर सर्रास सांगितले जाते. ट्वेन १८६०च्या दशकात इथे राहिला हे खरे, पण त्याच्या लेखनात ते वाक्य सापडत नाही.

धुके म्हटले की आपल्याला थंडीतली पहाट आठवते. सॅन फ्रान्सिस्कोचे धुके मात्र भर उन्हाळ्याचे. उन्हाळ्यात किनाऱ्यालगत वायव्येचे वारे वाहतात, वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि तळाचे थंडगार पाणी वर येते. प्रशांत महासागरावरून येणारी दमट हवा या पाण्यावरून जाताना निवते आणि तिच्यातल्या बाष्पाचे धुके होते. तिकडे डोंगरांपलीकडे कॅलिफोर्नियाचे मध्य खोरे तापून ४० अंशांच्या आसपास गेलेले असते. तिथली तापलेली हवा वर उठते, दाब कमी होतो आणि समुद्रावरची गार हवा आत ओढली जाते. किनाऱ्याच्या डोंगररांगेत तिला मोठी वाट मिळते ती गोल्डन गेटची, दीड-दोन किलोमीटर रुंदीच्या खाडीमुखाची. वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसलेला असल्यामुळे धुके फार उंच चढू शकत नाही.

म्हणूनच २८० मीटर उंचीच्या ट्विन पीक्स टेकड्यांनाही इथे एवढे महत्त्व आहे. पश्चिमेकडचे सनसेट आणि रिचमंड हे भाग दिवसचे दिवस करड्या छायेत असतात, तर टेकड्यांच्या आडोशाला पूर्वेकडे असलेल्या मिशन भागात लोक बागेत ऊन खात बसलेले दिसतात. अख्ख्या शहराला ‘धुक्याचे शहर’ म्हणणे त्यामुळे चुकीचेच. इथे हवामान विचारायचे ते वस्तीचे, आणि तेही वेळ सांगून. सकाळी दाटलेले धुके दुपारी बरेचदा किनाऱ्याकडे मागे सरते आणि संध्याकाळी पुन्हा आत शिरते.

विमानप्रवाशांनाही याची झळ बसते. विमानतळाच्या समांतर धावपट्ट्यांमध्ये जेमतेम २३० मीटर अंतर आहे. सकाळी ढग खाली उतरले की वैमानिकांना शेजारचे विमान दिसत नाही, दोन विमाने जोडीने उतरवता येत नाहीत आणि वेळापत्रक कोलमडते.

पण या धुक्याला नुसता त्रास समजणे अन्यायाचे होईल. इथला पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते मार्चमधला. उन्हाळा जवळपास कोरडा. त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या उत्तुंग रेडवूड वृक्षांच्या पानांवर धुके थेंबाथेंबाने साचते आणि मुळांशी टपकते. या थेंबांवर हे जंगल कोरडे महिने निभावून नेते.

शहर बारमाही थंड असते, हा समजही खरा नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात वारे मंदावतात, धुके विरळ होते आणि वर्षातले सर्वांत उबदार दिवस येतात. १ सप्टेंबर २०१७ रोजी तर इथे ४१ अंशांची नोंद झाली, आणि बहुसंख्य घरांत एसी नसल्याने लोकांचे हाल झाले.

तेव्हा निवड हातात असेल तर सहल सप्टेंबरच्या अखेरीला ठरवावी. जून-जुलैतच जायचे असेल, तर सॅन होजेतले ऊन बघून स्वेटर घरी ठेवू नये, आणि पूल बघायला सकाळऐवजी दुपारी निघावे.