औषधाची नोंद होते, मुलाची कुठे?

अवधान-अभाव व अतिचंचलतेच्या विकारात, म्हणजेच एडीएचडीत, मुलांना दिली जाणारी उत्तेजक औषधे किती सुरक्षित आहेत, या प्रश्नावर २००६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या दोन सल्लागार समित्यांनी जाहीर सुनावणी घेतली. फेब्रुवारीत एका समितीने हृदयविकाराच्या धोक्याबद्दल सर्वांत कडक इशारा छापावा, असे ८ विरुद्ध ७ मतांनी सुचवले. मार्चमध्ये बालरोगविषयक समितीने तो अनावश्यक ठरवून पालकांना समजेल अशा भाषेत माहिती देण्यावर भर दिला. पुढे २०११ मध्ये बारा लाखांहून अधिक मुले व तरुणांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासात हृदयाच्या गंभीर घटना वाढल्याचे आढळले नाही. मात्र अल्प वाढीची शक्यता त्यालाही पूर्णतः नाकारता आली नाही.

म्हणजे भीती अनाठायी, पण बेफिकिरीही तितकीच अयोग्य. या औषधांनी भूक मंदावते, झोप उडते, नाडी व रक्तदाब किंचित वाढतात, उंचीची वाढ काहीशी रेंगाळू शकते. म्हणूनच औषध सुरू करण्यापूर्वी मुलाला हृदयाचा दोष आहे काय, कुटुंबात कोणाचा तरुणपणी आकस्मिक मृत्यू झाला होता काय, हे विचारणे आणि नंतर नियमित मोजमाप ठेवणे आवश्यक ठरते.

आपला कायदा औषधावर काटेकोर पहारा ठेवतो. मिथाइलफेनिडेट 'अनुसूची एक्स'मध्ये आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते. मुलाच्या वजन-उंचीची नोंद जपण्याची सक्ती मात्र कोणावरही नाही.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत हा विकार आहे. परंतु सहा वर्षांवरील मुलांची ही तपासणी सरकारी व अनुदानित शाळांतच होते. भिलाईच्या स्मृतिनगरातून खासगी शाळेत जाणारे मूल तिच्या कक्षेबाहेर राहते. त्याच्यावर लक्ष ठेवण्याचा सारा भार आईवडिलांवर आणि एखाद्या डॉक्टरवर पडतो.

उपाय खर्चिक नाही. लसीकरणाच्या कार्डासारखे एक पान, त्यावर वजन, उंची, नाडी, रक्तदाब, झोप आणि भूक यांच्या नोंदी, आणि त्या पाहिल्याखेरीज पुढील चिठ्ठी लिहायची नाही, एवढा शिरस्ता पुरे. औषध कोणी नेले, हे राज्यसंस्थेला ठाऊक असते. ते घेणारे मूल कसे आहे, हेही कोणाला तरी ठाऊक असायला हवे.