ठकवणारा आपल्याच भाषेत बोलतो

बँकॉकच्या राजवाड्याबाहेर एक नीटनेटका गृहस्थ तुम्हाला अदबीने सांगतो, ‘आज राजवाडा बंद आहे.’ तो बंद नसतो. पण तोवर या सद्गृहस्थाने तुम्हाला स्वस्तातल्या टुकटुकमध्ये बसवलेलं असतं आणि ती थांबते ती रत्नांच्या दुकानापाशी. माझे मावसभाऊ असेच एक निळा खडा घेऊन आले. पोफळीला कोयनेच्या भूमिगत वीजगृहात उभी हयात काढलेला हा माणूस, निवृत्तीनंतर वहिनींना घेऊन पहिल्यांदाच परदेशी गेला होता. चिपळूणच्या सराफाने खडा भिंगाखाली धरला आणि काही न बोलता परत दिला. तेव्हापासून वहिनी त्यांना ‘नीलमणी’ म्हणतात!

यंदा शिमग्याला मी पोफळीला गेलो होतो. पालखी येऊन गेली होती, पडवीत चहा चालला होता आणि नीलमण्याची कथा पुन्हा रंगली. सगळे हसले. शेजारच्या काकू मात्र हसल्या नाहीत.

त्यांचा थोरला आयटीआय झालेला फिटर. दुबईतली नोकरी लावून देणारा एजंट परका नव्हता, नात्यातलाच. गणपतीत जेवायला येई, ‘वहिनी, काळजी करू नका’ म्हणे. त्याने दीड लाख मागितले. हापूसची कलमं गहाण पडली. मुलगा गेला तो पर्यटक व्हिसावर, ज्यावर तिथे काम करणं बेकायदा. उतरल्याबरोबर पासपोर्ट काढून घेतला गेला आणि नोकरीचा पत्ताच नव्हता. तीन महिन्यांनी तो वकिलातीच्या मदतीने परतला. पोलिसांत तक्रार? ‘नात्यात वाईटपणा कशाला!’

पर्यटकाला लुटणारा निदान परक्या मुलखात, परक्या भाषेत भेटतो. नोकरीसाठी जाणाऱ्याची फसवणूक होते ती घरच्या पडवीत, मराठीत, चहा पिता पिता. खरं तर इथेच ती ओळखताही येते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला केंद्र सरकारचा परवाना लागतो. तो खरा की खोटा हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येतं. उमेदवाराकडून सेवाशुल्क घ्यायचं ते जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि वर जीएसटी, तेही पावती देऊन. दीड लाखाचा आकडा ऐकूनच कान टवकारायला हवे होते. आणि कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेणं अमिरातीतही बेकायदाच आहे.

एवढं बोलून झाल्यावर काकूंनी हळूच धाकट्याचा विषय काढला. तो बारावी झालेला, त्याच्या मोबाइलवर थायलंडच्या ‘डेटा एंट्री’ची नोकरी आली होती. पगार ऐंशी हजार, मुलाखत दहा मिनिटांची, तिकीटही तेच काढणार. माझ्या पोटात गोळा आला. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अशाच नोकऱ्यांबद्दल इशारा दिला होता. थायलंडला बोलावलेल्या तरुणांना म्यानमारच्या म्यावाडी भागात नेऊन डांबत आणि त्यांच्याकडून इंटरनेटवर लोकांना फसवून घेत. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांतून पाचशेहून अधिक भारतीय तिथून परत आणावे लागले. म्हणजे ठकवला गेलेलाच पुढचा ठक होतो, पाठीवर मार खात.

धाकट्याला बोलावलं. तो चिडलाच. ‘दादा फसला म्हणून मीही फसेन काय?’ मी त्याला एवढंच म्हटलं, की त्या कंपनीला कामाचा करार आणि कामाचा व्हिसा आधी पाठवायला सांग. त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर लिहिलं. उत्तर आलं ते ‘आल्यावर देऊ’ असं. पोरगा काही बोलला नाही, उठून पालखीच्या ढोलाच्या आवाजाकडे निघून गेला.

पासपोर्ट काकूंनी तांदळाच्या डब्यात ठेवलाय. वहिनी म्हणाल्या, ‘आमचा नीलमणीही तिथेच ठेवा.’