पहिला बोर्ड घरी, पुढचे दहा कारखान्यातून

रब्बीचे दिवस आणि विजेची रात्रपाळी. लाइट आली की परंडा, वाशी, कळंबच्या शिवारातल्या मोटारी आपोआप सुरू होतात आणि शेतकऱ्याचे थंडीत उठून विहिरीवर जाणे वाचते. हे काम स्टार्टरच्या पेटीला जोडलेला ऑटो स्विच करतो. तिन्ही फेज आले का ते पाहायचे, जरा थांबायचे आणि रिलेमार्फत स्टार्टर ओढायचा, एवढेच त्याचे काम.

महावितरणला मात्र हा ऑटो स्विच नको असतो. तो काढा आणि मोटारीला कपॅसिटर लावा, असे आवाहन वारंवार होते. कारणही पक्के आहे. थांबलेली इंडक्शन मोटार फिरायला लागताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. एका डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी लाइट येताक्षणी एकदम सुरू झाल्या, तर फ्यूज उडतो. कधी डीपीच जळतो, आणि तो बदलून मिळेपर्यंत ज्वारी-हरभरा पाण्यावाचून राहतो. ऑटो स्विच काढून टाकणे हा एक उपाय झाला. दुसरा उपाय असा, की प्रत्येक ऑटो स्विचने वेगवेगळा वेळ थांबावे, कोणी वीस सेकंद, कोणी चार मिनिटे. साध्या मायक्रोकंट्रोलरला हा वेळ दर खेपेला नव्याने, चिठ्ठी काढल्यासारखा निवडता येतो.

अशी कल्पना धाराशिवच्या तंत्रनिकेतनातल्या किंवा तुळजापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलाला सुचू शकते, तशीच तालुक्याच्या बाजारपेठेत मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवणाऱ्या मिस्त्रीलाही. सुटे भाग महाग नाहीत. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सगळे मिळते आणि आता ते घरपोचही येते. काम अडते ते बोर्डापाशी. भाग बसवायचे कशावर? घरी बनवलेल्या बोर्डावर, की कारखान्यातून मागवलेल्या?

काही वर्षांपूर्वीपर्यंत या प्रश्नाचे उत्तर पैशाने ठरत असे. कारखाना फिल्मचे आणि टूलिंगचे वेगळे पैसे लावायचा आणि थोड्या बोर्डांसाठी मशीन लावायला तयार नसायचा. त्यामुळे हौशी माणसाने घरीच रसायनाचा टब काढून बोर्ड बनवायचा, हे ठरलेले होते. आज तो हिशोब उलटला आहे. माझे म्हणणे असे, की घरी बोर्ड बनवण्याचे पैशाचे कारण संपले असले, तरी धाराशिवसारख्या जिल्ह्यात दोन कारणे अजून शाबूत आहेत: वेळ आणि हात. आणि जे यंत्र शेतात लाइनवर बसणार आहे त्याला ही दोन्ही कारणे पुरेशी नाहीत.

घरची पद्धत आधी नीट पाहू. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉपर क्लॅड मिळतो. तो म्हणजे एका बाजूला तांब्याचा पत्रा चिकटवलेली पाटी. तपकिरी असेल तर ती कागद आणि फिनॉलिक रेझिनची, फिकट हिरवट-पिवळी असेल तर काचतंतू आणि इपॉक्सीची. तांब्याची जाडी बहुधा ३५ मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही पातळ. या तांब्यातला नको तेवढा भाग काढून टाकायचा आणि हव्या तेवढ्या वाटा ठेवायच्या, की झाला बोर्ड.

वाटा राखायच्या तर तांबे झाकावे लागते आणि इथे झेरॉक्सचे दुकान कामाला येते. लेझर प्रिंटरचा किंवा झेरॉक्सचा टोनर म्हणजे मुळात प्लास्टिकची बारीक पूड. आकृती चकचकीत कागदावर उलटी छापायची, ती बाजू घासून लख्ख केलेल्या तांब्यावर ठेवायची आणि वरून इस्त्री दाबायची. उष्णतेने टोनर पुन्हा वितळतो आणि कागद सोडून तांब्याला धरतो. मग पाण्यात भिजवून कागद बोटाने चोळत काढला, की काळ्या रेषा तेवढ्या उरतात. इंकजेट प्रिंटरवर हे जमत नाही, कारण त्याची शाई वितळणारे प्लास्टिक नसते.

यानंतर फेरिक क्लोराइड. ते प्लास्टिकच्याच टबात घ्यायचे, ॲल्युमिनियमचे पातेले ते खाऊन टाकते. पूड पाण्यात थोडी थोडी टाकायची, पुडीवर पाणी ओतायचे नाही, कारण विरघळताना चांगलीच उष्णता निघते. हातमोजे आणि चष्मा हवाच. द्रावण गडद चहाच्या रंगाचे होते. पाटी त्यात सोडून टब हलका हलवत राहिले, की पहिली काही मिनिटे नुसता तांब्याचा रंग मळकट गुलाबी झालेला दिसतो. मग कडेने सुरुवात होते. आधी कोपऱ्यांवरचे तांबे विरते, नंतर खालची पाटी डोकावू लागते, आणि ती उघडी कड हळूहळू मध्याकडे सरकत जाते. सगळ्यात शेवटी मोकळ्या जागेच्या मधोमध तांब्याचे बेट उरते आणि पाहता पाहता तेही जाते. रसायनशास्त्राच्या भाषेत, फेरिक लोह तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन फेरस होते आणि तांबे क्लोराइड होऊन पाण्यात उतरते. तापमान वाढले की हे वेगाने होते. म्हणून बालाघाटाच्या पठारावर डिसेंबरच्या सकाळी जे काम रेंगाळते, ते एप्रिलच्या दुपारी झटपट उरकते. थंडीत टब गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवावा.

टब पाहत उभे राहिले की एक गोष्ट डोळ्यांना शिकायला मिळते. द्रावण तांबे फक्त वरून खाली खात नाही, टोनरच्या कडेखाली शिरून आडवेही खाते. ३५ मायक्रॉन खोल जाताना ते दोन्ही बाजूंनी साधारण तेवढेच आत शिरते. अर्ध्या मिलिमीटरच्या ट्रॅकला हे जाणवत नाही, पण ०.१ मिलिमीटरचा ट्रॅक यात जवळजवळ नाहीसाच होतो. घरी बनवायच्या बोर्डात ट्रॅक जाड ठेवा असे जे सांगतात, त्याचे कारण हे.

शेवटची धुलाई बहुतेक जण बोअरच्या पाण्याने करतात. आपल्या काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. ते वाळले की क्षार ट्रॅकच्या मधल्या जागेत बसतात आणि पावसाळी दमट हवेत तिथून सूक्ष्म करंट झिरपू लागतो. गॅरेजमध्ये मिळणाऱ्या बॅटरीच्या पाण्याने एकदा विसळले की हा धोका जातो.

उरलेले द्रावण मोरीत ओतू नये, ओढ्यात तर नाहीच. त्यात विरघळलेले तांबे असते. द्राक्षाच्या बागा केलेल्यांना तांब्याचा गुण वेगळा सांगायला नको. केवडा मारायला आपण मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारतो ते त्याच जोरावर, आणि तेच तांबे पाण्यात गेले तर मासे मारते. उपायही बोर्डोच्याच वाटेचा आहे. द्रावणात चुन्याची निवळी थोडी थोडी घालत गेले, की लोह आणि तांबे गाळ होऊन खाली बसते. तो गाळ वाळवून सिमेंटच्या गोळ्यात बंद करावा.

रसायन नको असेल तर आणखी एक रस्ता आहे आणि तो महाराष्ट्रातल्याच एका गावाने दाखवला आहे. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ गावी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेर ज्या पहिल्या काही फॅब लॅब उभ्या राहिल्या, त्यांतली एक २००२ मध्ये या पाबळमध्ये आली. फॅब लॅबमध्ये बोर्ड विरघळवत नाहीत, कोरतात. संगणकावर चालणारी छोटी मिलिंग मशीन ०.४ मिलिमीटरच्या बिटाने ट्रॅकच्या दोन्ही कडांचे तांबे खरवडून काढते आणि ट्रॅक वेगळा होतो. तिथे काचतंतूंची नव्हे, कागदी फिनॉलिकची पाटी वापरतात. काचेची धूळ फुप्फुसाला वाईट, आणि नाजूक बिटाची धारही ती लवकर घालवते. सकाळी काढलेली आकृती दुपारी सोल्डर होते, ना टब, ना गाळ. धाराशिव किंवा तुळजापूरच्या महाविद्यालयात अशी एक मशीन बाहेरच्या मिस्त्रींनाही खुली ठेवली, तर जिल्ह्याचे बरेच काम होईल, असे मला मनापासून वाटते.

आता कारखान्याकडे वळू. तिथला बोर्ड स्वस्त का झाला? कारखाना तांब्याच्या मोठ्या शीटवर काम करतो आणि त्या एका शीटवर अनेक गिऱ्हाइकांचे छोटे बोर्ड शेजारी शेजारी मांडतो. कळंबहून निघणाऱ्या काळी-पिवळीसारखेच हे, गाडी भरली की प्रत्येकाला आपल्या सीटचेच भाडे पडते. चीनमधल्या शेंझेनच्या कंपन्या दहा बाय दहा सेंटिमीटरचे पाच बोर्ड दोन डॉलरला देऊ लागल्या, त्या याच हिशोबावर. कुरिअर आणि कस्टम ड्यूटी मिळून मात्र बोर्डाच्या कितीतरी पट रक्कम होते आणि पार्सल कधी पोचेल याचा नेम नसतो. आपल्याकडे गुजरातेत गांधीनगरला आणि बेंगळुरूला छोट्या ऑर्डरी ऑनलाइन घेणारे कारखाने आहेत. त्यांचा बोर्ड थोडा महाग पडतो, पण कस्टमची भानगड नाही.

कारखान्याच्या बोर्डात असे काय असते जे टबातून निघत नाही? पहिले म्हणजे भोकांच्या आतले तांबे. घरी पाडलेले भोक आतून कोरडे असते. वरचा आणि खालचा थर जोडायचा तर तारेचा तुकडा घालून दोन्हीकडून सोल्डर करावा लागतो. कारखान्यात भोकाच्या भिंतीवर आधी पॅलेडियमचे सूक्ष्म कण बसवतात, त्यांच्या आधाराने रासायनिक क्रियेने तांब्याचा पातळ लेप चढवतात आणि मग विजेने तो जाड करतात. दुसरे म्हणजे हिरवा मास्क. पॅड सोडून सगळा बोर्ड त्याने झाकलेला असतो. शिवाय ट्रॅक ०.१५ मिलिमीटरपर्यंत बारीक येतात, भागांची नावे छापून येतात, आणि सांगितले तर प्रत्येक जोड तपासूनही मिळतो.

विहिरीवरच्या स्टार्टर पेटीत खरी किंमत या मास्कची आहे. त्या पेटीत मुंग्या वारूळ करतात, गांधीलमाश्या पोळे लावतात, उबेला पाल येऊन बसते. थ्री फेजच्या दोन तारांमध्ये ४१५ व्होल्ट असतात. उघड्या तांब्याच्या दोन ट्रॅकमध्ये पाल आडवी झाली तर पाल जातेच, बोर्डही जातो. घरच्या बोर्डाला वरून वार्निश मारता येते, पण हाताने मारलेला लेप कुठे ना कुठे पातळ राहतोच. कागदी फिनॉलिक पाटी ओल धरते, काचतंतूची फारशी धरत नाही. लाइनच्या बाजूचे ट्रॅक आणि मायक्रोकंट्रोलरच्या बाजूचे ट्रॅक यांच्यात आठ मिलिमीटरपेक्षा कमी जागा मी सोडणार नाही. कारखान्याच्या बोर्डात तर या जागेत आरपार खाचही पाडून मिळते, म्हणजे धूळ आणि ओल साचून वाट तयार होण्याचा प्रश्नच मिटतो. ज्या बोर्डाला शेतकऱ्याचा ओला हात लागणार आहे, तिथे टबातला बोर्ड नको. यात मला तडजोड दिसत नाही.

मग घरच्या बोर्डाची जागा कोणती? कल्पना पारखायची. वेळ निवडणारा भाग, बॅटरीवरच्या पाच व्होल्टवर चालणारा, घरी बनवून टेबलावर तपासावा. चूक सापडली तर संध्याकाळपर्यंत दुसरा बोर्ड तयार. कुरिअरच्या भरवशावर एकेक चूक आठ-आठ दिवस खाते आणि तोवर गव्हाची पाळी हुकते. तयार भोकांच्या झिरो बोर्डावर तारा ओढूनही पारख होते, पण पंधरा-वीस जोडांपुढे तो गुंता ज्याचा त्यालाही उलगडत नाही.

या साऱ्याची सुरुवातही घरातच झालेली आहे. मूळचे व्हिएन्नाचे अभियंते पॉल आइस्लर नाझी छायेतून निसटून लंडनला आले आणि १९३६ मध्ये हॅम्पस्टेडच्या भाड्याच्या खोलीत त्यांनी छापील जोडण्यांचा रेडिओ बनवला. आज बोर्डाची आकृती कारखान्याला पाठवायला आपण जी गर्बर फाइल वापरतो, ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जोसेफ गर्बरही व्हिएन्नात जन्मलेले आणि नाझींच्या तावडीतून सुटून १९४० साली अमेरिकेत पोचलेले. त्यांच्या कंपनीच्या, फिल्मवर आकृती काढणाऱ्या फोटोप्लॉटर यंत्रांसाठी या फाइलची भाषा घडली.

ही फाइल बनवायला आता पैसे मोजावे लागत नाहीत. १९९२ साली फ्रान्समध्ये सुरू झालेले, पुढे सर्न या संशोधन संस्थेने हातभार लावलेले कीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालते. घरच्या बोर्डाची उलटी आकृती आणि कारखान्याची गर्बर फाइल, दोन्ही त्यातूनच निघतात. ऑर्डर देण्याआधी एक काम करावे: आकृती झेरॉक्सच्या दुकानातून शंभर टक्के मापात कागदावर छापून घ्यावी आणि हातातला रिले, कनेक्टर त्यावर प्रत्यक्ष ठेवून पाहावेत. सारखेच दिसणारे रिले कंपनीगणिक वेगळ्या पायांचे येतात.

आणि पाचाऐवजी दहा बोर्ड मागवावेत, किमतीत फार फरक पडत नाही. बाजारातले बरेचसे ऑटो स्विच रेझिन ओतून बंद केलेले असतात. बिघडले की फेकावे लागतात, मिस्त्रीच्या हाती काही उरत नाही. आपल्या बोर्डाचे तसे करू नये. वार्निश पुरे, आणि आकृतीची एक प्रत पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी. ऐन हंगामात रिले चिकटला, तर गावातल्याच कोणीतरी तो सोल्डरने काढून दुसरा लावता आला पाहिजे.