शहाण्यांसाठी मूर्खांची यादी

परवा ताम्हिणी घाटात, ‘पाण्यात उतरू नये’ या पाटीवरच ओला टॉवेल वाळत घालून एक काका पोरांना सुरक्षेचे धडे देत होते. मला थेट समर्थ रामदासांचा दासबोध आठवला!

२० दशक (भाग), २०० समास (प्रकरणं). त्यातल्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा. स्वतःची स्तुती करणारा, वडिलांच्या कीर्तीवर मिरवणारा, विनाकारण हसणारा... सगळे मूर्ख.

खरी मजा दहाव्या समासात: पढतमूर्ख! बोलणं ब्रह्मज्ञानाचं, वागणं भलतंच. ग्रंथ पूर्ण न वाचता नावं ठेवणाराही त्यातच. आमचे निम्मे व्हॉट्सॲप ग्रुप इथेच गारद!

समर्थांचा हेतू मात्र टिंगलीचा नाही. लक्षणं ओळखा आणि सोडा, एवढंच.

तुमचा नंबर कुठल्या समासात?