पंचवीस किलोमीटरचं हवाई अंतर

सांताक्रूझचा विमानतळ आणि नवी मुंबईचा नवा विमानतळ यांच्यातलं हवाई अंतर आहे सुमारे २५ किलोमीटर. जेट विमानाच्या वेगाने दोन-तीन मिनिटांचं काम. मुंबईच्या विमानसेवेला मात्र ते कापायला पिढ्या लागल्या.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे दुपारी जुहूच्या मातीवर उतरले. त्या प्रवासाला सात तासांहून जास्त वेळ लागला. १९४८ मध्ये एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो, जिनिव्हा असे टप्पे घेत लंडनला गेलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि जेटयुग सुरू झालं. आता लंडन एका दमात, नऊ-दहा तासांत गाठता येतं.

जवळच्या प्रवासात मात्र वेळ तेवढा घटला नाही. मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरने दीड तासाच्या आत पोहोचायला हवं, पण वेळापत्रकात दोन तासांहून जास्त लिहिलेले असतात. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. शिवाय सांताक्रूझच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी विमानं उतरवता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमानं आकाशात घिरट्या घालत राहतात. दुसरा विमानतळ हवा होता तो यासाठी.

त्यासाठी जमीन लागली ती खाडीकाठची. नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि नव्या शहरासाठी पनवेल-उरण पट्ट्यातली भातशेती, मिठागरं संपादनाखाली आली. योग्य मोबदल्यासाठी जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-नवघर परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. विमानतळग्रस्तांना पुढे साडेबावीस टक्के मिळाले, त्यामागेही तोच पाया होता.

विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ मध्ये मिळाली, पर्यावरण परवानगी २०१० मध्ये. २०१८ मध्ये भूमिपूजन झालं. उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं हलवली. विमानतळाला दि. बा. पाटील यांचं नाव मिळावं म्हणून २०२१ मध्ये भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली, सिडकोला घेराव घातला. २०२२ मध्ये विधिमंडळाने पाटील यांच्या नावाचा ठराव मंजूर केला. दरम्यान जानेवारी २०२४ मध्ये मुंबईतल्या शिवडीहून समुद्रावरून येणारा अटल सेतू खुला झाला. तो जासईजवळ चिर्ल्याला उतरतो आणि शिवडी तिथून २२ किलोमीटरवर आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला प्रवासी विमानं सुरू झाली.

तिकीट काढताना आपण उड्डाणाचे तास पाहतो. घरापासून विमानतळापर्यंतचा वेळही त्यात मिळवून पाहा. पनवेल-उरणकरांचा तो आता कितीतरी कमी झाला आहे. तो कमी व्हावा म्हणून ज्यांनी जमिनी दिल्या, त्यांच्या मुलांना या विमानतळावर कायमची नोकरी मिळते का, यावरच या प्रकल्पाचं खरं मोजमाप व्हायला हवं.